लाइटवाले मामा, मंगळवार पेठ: सोळा वर्षं भाड्यानं घेतलेला उजेड

दुकानाला पाटी नाही. मंगळवार पेठेतल्या बोळात तिसरं शटर, आणि शटर वर असेल तर दहा पावलं आधीच तापलेल्या धुळीचा वास येतो. स्पॉट चालू करून तपासताना आतली धूळ जळते, त्याचा तो वास. कोल्हापुरातले हौशी नाटकवाले या दुकानाला नुसतं 'लाइटवाले मामा' म्हणतात. मीही सोळा वर्षं तेच म्हणत आले.

मामांनी गेल्या महिन्यात काम थांबवलं. दुकान चालू आहे, सामान तेच आहे, आता त्यांच्या हाताखाली तयार झालेला पोरगा ते बघतो. नव्या ग्रुपची मुलं मला फोन करून विचारतात, "मॅडम, लाइट तिथूनच घेऊ का? मामा नाहीत म्हणे आता." त्यांना नुसतं हो किंवा नाही म्हणून भागणार नाही. मामा होते तेव्हा तिथं भाड्यानं काय मिळत होतं, ते आधी सांगायला हवं.

मी शाळेत मराठी शिकवते आणि संध्याकाळी नाटक बसवते. २००९ साली पहिल्यांदा मामांकडे गेले ती एका एकांकिकेसाठी. चाळीस मिनिटांचा खेळ, एक आई, स्वयंपाकघर, आणि न आलेली मुलगी. माझ्या हातात कागद होता. राग आला की लाल, रात्र झाली की निळा, आठवण आली की पिवळा, असा सगळा तक्ता मी रंगीत पेननं करून नेला होता. मामांनी तो नीट वाचला. मग विचारलं, "बाई, तुमच्या घरात लाल बल्ब हाय काय?"

"नाही."

"मग राग आल्यावर काय करतासा?"

मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि तो पुढं प्रत्येक नाटकाला विचारला: "ह्यो उजेड येतोय कुठनं?"

मी म्हटलं, वरून, स्पॉटमधून. ते म्हणाले, "स्पॉट माझा हाय. तुमच्या त्या आईच्या घरात उजेड कुठनं येतोय ते सांगा. मग बघू." आणि मला तीन दिवस सकाळी माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून उजेड कुठं पडतो ते लिहून आणायला सांगितलं. ऑर्डर घेतलीच नाही.

आमचं घर तेव्हा कौलारू होतं. कौलांत एक काच बसवलेली होती. त्या घरात मी लहानाची मोठी झाले, पण त्या काचेतून येणाऱ्या कवडशाकडं मी कधी बघितलं नव्हतं. त्या तीन सकाळी बघितलं. कवडसा आधी मांडणीवरच्या पितळी डब्यांवर पडायचा, मग भिंतीवरून खाली सरकायचा, पिठाच्या डब्याच्या कडेवर थोडा वाकायचा आणि शेवटी जमिनीवर असायचा. सरकताना दिसायचा नाही. नजर काढून परत बघितलं की जागा बदललेली. मी हे सगळं वेळेसकट लिहून नेलं. मामा म्हणाले, "आता नाटक वाचून दाखवा."

तेव्हापासून तशी रीतच पडली. मामा सातवीनंतर शाळेत गेले नव्हते. पोरवयात जयप्रभा स्टुडिओत शूटिंगला रिफ्लेक्टर धरायचे, तिथून ही विद्या. वाचायला त्यांना कंटाळा यायचा, पण ऐकायचे असे की मी तसा श्रोता दुसरा बघितला नाही. मी उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसायची, ते डोळे मिटून स्टुलावर. मध्येच हात वर करायचे. म्हणजे, थांबा, इथं काहीतरी बदलतंय. माझ्या प्रत्येक नाटकाचं पहिलं वाचन कलाकारांच्या आधी त्या दुकानात झालं आहे. अकरा नाटकं आणि सात एकांकिका.

त्या पहिल्या एकांकिकेसाठी त्यांनी गोडेतेलाचा रिकामा डबा कापला. पत्र्याचे तीन तुकडे केले आणि प्रत्येकात थोडं वेगळं, थोडं तिरकं भोक पाडलं. तीन पी. सी. स्पॉट, म्हणजे पुढं भिंग असलेले दिवे, तिन्हींपुढं एकेक पत्रा. पहिल्याचा कवडसा भिंतीवर, दुसऱ्याचा मांडणीखाली, तिसऱ्याचा जमिनीवर. पहिला उतरवत दुसरा चढवायचा, पण इतका सावकाश की चार मिनिटं लागावीत. मी म्हटलं, कुणाला कळणारसुद्धा नाही. मामा म्हणाले, "कळायला नकोच हाय."

तालमीत तिसरा कवडसा लावला तेव्हा तो जमिनीवर न पडता तिथं असलेल्या मुलीच्या रिकाम्या खुर्चीवर पडला. खुर्ची चुकून तिथं राहिली होती. आई बोलत होती, दीड पानाचं शेवटचं स्वगत, आणि आम्ही कुणीच तिच्याकडं बघत नव्हतो. सगळे खुर्चीकडं बघत होतो. मामा काहीच बोलले नाहीत, त्यांनी डिमरवरचा, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या यंत्रावरचा, हात तेवढा काढला नाही. मी घरी जाऊन ते दीड पान काढून टाकलं. लेखक म्हणून मी स्वतः कापलेलं ते पहिलं पान, आणि ते मला एका पत्र्याच्या तुकड्यानं कापायला लावलं. पुढच्या नाटकांपासून मी लिहितानाच विचारायला लागले, की हे वाक्यानं सांगायचं की त्याला नुसती जागा करून द्यायची. माझी संहिता दरवेळी पातळ होत गेली ती त्यामुळे.

आता सेवेबद्दल, कारण भाड्यानं घेणाऱ्यांना ते माहीत हवं.

कोल्हापुरात किंवा कुठंही, बहुतेक लाइटवाले प्रयोगाच्या दिवशी येतात, आठ-दहा पार, म्हणजे डब्यासारखे साधे दिवे, टांगतात, डिमर लावून देतात आणि चहा प्यायला जातात. मामा किमान चार तालमींना यायचे. तालमीचे पैसे लावायचे नाहीत. आमच्या शाळेच्या वर्गात सात वाजता तालीम सुरू व्हायची, पावणेसातला त्यांची एम-एटी गाडी फाटकाशी लागलेली. शेवटच्या बाकावर बसून शंभर पानी वहीत लिहायचे. त्यांच्या वहीत क्यूला, म्हणजे उजेड बदलायच्या जागांना, आकडे नसायचे. 'ती ताट सरकवते, तवा', 'म्हातारा चप्पल शोधतोय', 'दोघं गप हायत', असं लिहिलेलं. एकदा नट एक पूर्ण पान विसरला आणि पुढच्या पानावर उडी मारली. आकड्यांवर चालणारा माणूस तिथं अडकला असता. मामांचा उजेड नटाबरोबर उडी मारून गेला, कारण ते नाटक बघत होते.

सामानाची निगा त्यांच्याकडून शिकण्यासारखी होती. हॅलोजनचा बल्ब बोटांनी धरायचा नाही, स्वच्छ रुमालानं धरायचा, कारण बोटाचं तेल काचेला लागलं की तापल्यावर तिथंच तडकतो. पडदा उघडायच्या आधी स्पॉट अगदी मंद लावून ठेवायचे, म्हणजे फिलामेंटला एकदम झटका बसत नाही. कुठल्याही नव्या हॉलमध्ये गेल्यावर स्टेज बघायच्या आधी मेन स्विच बघायचे. हजार वॉटचा एक स्पॉट २३० व्होल्टवर चार अँपिअरच्या वर ओढतो, बारा लावले तर पन्नास अँपिअर होतात, आणि ते एका फेजवर टाकलं तर नाटक पहिल्या अंकातच अंधारात जातं. लोड तीन फेजवर वाटायचे आणि साउंडवाल्याला डिमरपासून लांबची लाइन द्यायचे, म्हणजे स्पीकरमध्ये घूं आवाज येत नाही. हे सगळं त्यांनी मला, माझ्या नटांना, अगदी चहा आणणाऱ्या पोरालासुद्धा सांगितलं आहे. "लाइट दुप्पट लांब नेला तर उजेड निम्मा होत न्हाई, पाव होतो," हे वाक्य मी आता विज्ञानाच्या सरांआधी माझ्या मुलांना सांगते.

उणिवाही लिहिते. फोन सकाळी अकराच्या आत उचलायचे नाहीत. एका दिवशी दोन ठिकाणचं काम घ्यायचे नाहीत, त्यामुळे स्पर्धेच्या मोसमात तारीख मिळवायला दोन महिने आधी जावं लागायचं. धुराचं मशीन नाही, फिरणारे लाइट नाहीत. डिमर जुना, बारा चॅनेलचा, त्यातला सातवा कधी कधी अडकायचा. आणि हट्टी होते. २०१९ च्या नाटकात बाजूचा उजेड इतका खाली लावला की नटांच्या सावल्या एकमेकांच्या तोंडावर पडायला लागल्या. मी तीनदा सांगितलं, चौथ्यांदा स्वतः शिडीवर चढून स्पॉट वर घेतला. दुसऱ्या प्रयोगानंतर म्हणाले, "तुमचं बरोबर हुतं." एवढंच.

२०१६ साली आम्ही भांडलो. नायिकेचं मोठं भाषण होतं आणि मला तिच्या चेहऱ्यावर एकटा, धारदार स्पॉट हवा होता, बाकी सगळं काळं. मामांनी नकार दिला. "रडणाऱ्या माणसाच्या तोंडावर बॅटरी मारत न्हाईत, बाई." मी चिडले. म्हटलं, दिग्दर्शक मी आहे. ते म्हणाले, "मग दुसरा लाइटवाला बघा." मी बघितला. सगळे एलईडी, चकचकीत, भाडं जवळपास तेवढंच. एलईडीला मी नावं ठेवत नाही. वीज कमी खातो, कमी तापतो, आणि आता चांगल्या प्रतीचे मिळतात. पण तेव्हा जे मिळाले ते मंद करत नेले की शेवटच्या टप्प्यात पायरी उतरल्यासारखे धाडधाड खाली यायचे. हॅलोजन विझताना निखाऱ्यासारखा तांबूस होत जातो आणि तोंडावर शेवटपर्यंत रक्त राहतं. हे मला माहीत होतं पण कळलेलं नव्हतं. त्या प्रयोगात माझी नायिका करड्या रंगाची होऊन विझली. धारदार स्पॉटही मिळाला होता, अगदी मागितला तसा. त्यात ती छान दिसली आणि मला तिचं काहीच वाटलं नाही.

पुढच्या वर्षी नवी संहिता घेऊन दुकानात गेले. मामा बल्ब पुसत होते. वर बघितलं, रुमाल झटकला आणि विचारलं, "तालीम किती वाजता?"

"सातला," मी म्हटलं. "आधी वाचून दाखवते की." खोकं त्यांनीच पुढं सरकवलं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीबद्दल कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं पॅलेस थिएटर, आणि दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती. मी खासबाग मैदानाच्या बाजूला पोचले तेव्हा मामा आधीच तिथं उभे होते. आम्ही बोललो नाही. बऱ्याच वेळानं ते हळूहळू पुटपुटायला लागले. मला वाटलं प्रार्थना करतायत. जवळ गेले तर ते मोजत होते. पहिला बार, डावीकडून तिसरा हुक सैल. दुसरा बार, मधला स्पॉट थोडा आत. बाल्कनीच्या कठड्याला दोन. आयुष्यभर जिथं जिथं टांगलं होतं ते सगळं त्यांनी जाळ बघत बघत एकदा म्हणून घेतलं. नंतर तिथं पुन्हा बांधकाम सुरू झालं. मी त्यांना बघायला चला म्हटलं होतं, ते आले नाहीत.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू, आधी उजवा, दोन महिन्यांनी डावा. मधल्या काळात मी भेटायला गेले तर मामा दुकानाच्या दारात जिलेटिनचे, दिव्यापुढं लावायचे रंगीत कागद घेऊन बसलेले. एक निळा कागद उन्हात धरायचे, डावा डोळा झाकून उजव्यानं बघायचे, मग उजवा झाकून डाव्यानं. परत. परत. मला बघून कागद खाली ठेवला.

"बाई, ह्यो एवढा निळा हाय?"

मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग हळूहळू मरतो. इतका हळू की माणसाला पत्ता लागत नाही. नवं भिंग बसलं की निळा एकदम परत येतो. एका डोळ्यात जुनं जग आणि दुसऱ्यात नवं, असे ते दोन महिने मामांनी कागद बघण्यात घालवले.

"गेली चार-पाच वर्षं मी एवढा निळा लावत हुतो व्हय? आणि तुम्ही बोलला न्हाईसा?"

मी बोलले नव्हते. मला दिसलं होतं. अलीकडच्या नाटकांतल्या रात्री गडद निळ्या झाल्या होत्या, पाण्याखालच्या असाव्यात तशा. मला वाटलं होतं मामा काहीतरी नवं शोधतायत, आणि मला ते आवडायला लागलं होतं. इतकं आवडलं, की २०२२ च्या नाटकातला विहिरीचा प्रसंग मी त्या निळ्यासाठीच लिहिला. हे मी त्यांना तिथंच सांगितलं. ते बराच वेळ कागदाची घडी घालत बसले. मग म्हणाले, "म्हंजे माझ्या डोळ्याचा रोग तुम्ही नाटकात घातलासा."

"हो मामा."

"बरं झालं. फुकट गेला न्हाई."

पण त्याच दिवशी म्हणाले, की आता डोळा नवा आहे, हात जुना आहे, दोघांची परत ओळख करून द्यायला वेळ लागेल, आणि डॉक्टरांनी शिडी बंद केली आहे. गुडघेही गेलेत. एक नाटक करतो आणि थांबतो. मी हट्ट केला नाही. सोळा वर्षांत त्यांनी माझ्या कुठल्या निर्णयाला कारण विचारलं नव्हतं, उजेडाचा सोडून.

शेवटचा प्रयोग गेल्या महिन्यात शाहू स्मारकच्या हॉलला झाला. पोरगा शिडीवर, मामा खाली उभे राहून नुसत्या बोटानं सांगत होते, जरा इकडं, अजून, बास. निळे कागद निम्म्यावर आणले होते. रात्र आता स्वच्छ होती, अंगणातल्या रात्रीसारखी. खरं सांगायचं तर मला ते जुनं पाण्याखालचं निळं हवं होतं, पण ते मागण्याची ती वेळ नव्हती. शेवटचा फेड, म्हणजे उजेड सावकाश विझवत नेणं, मामांनी स्वतः घेतला. सातवा चॅनेल अडकला नाही.

तर, लाइट तिथूनच घ्यायचे का? घ्या. सामान सांभाळलेलं आहे, भाडं रास्त आहे, आम्ही शेवटी दोन माणसांसकट साडेसहा हजार दिले. पोरगा वेळेवर येतो, फोन नऊला उचलतो, वायरिंगमध्ये तर मामांपेक्षा चोख आहे. त्यानं आठ एलईडी पारही घेतलेत, ज्या हॉलची लाइन कमकुवत आहे तिथं ते मागून घ्या. तो तालमीला बोलावलं तर येतो, आपणहून येत नाही, म्हणून बोलवा. त्याला नाटक वाचून दाखवा. तो अजून गप्प बसतो, हात वर करत नाही, पण मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा त्यानं मोबाइल खिशात ठेवला. माझ्याकडून त्याला पाचपैकी चार गुण. मामांच्या काळातले पाच मी वेगळे ठेवते.

दुसऱ्या दिवशी हिशेब करायला गेले. मामांनी नेहमीसारखं सगळं भाडं घेतलं, नोटा थुंकी लावून दोनदा मोजल्या. मला ते बरं वाटलं. पैसे नको म्हणाले असते तर मी तिथंच रडले असते. मग चहा आला. मी विचारलं, पुढच्या नाटकाला बघायला याल का. म्हणाले, "नको. हात शिवशिवतील. तुम्ही करा." मी हो म्हटलं. आणखी काही बोलायचं ठरवून गेले होते, घरी चार वाक्यं पाठही केली होती. त्यातलं एकही बोलले नाही. त्यांनी मला सोळा वर्षं वाक्यं काढायलाच शिकवलं होतं, आणि चहा संपेपर्यंत आम्ही दोघं शटरमधून आत येणाऱ्या उन्हाकडं बघत बसलो.

उठताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी बिलाबरोबर हातात दिलं. घरी येऊन सोडलं. तेलाच्या डब्याचे तीन तुकडे. कडा अजून धारदार, भोकं धुरानं काळी झालेली, आणि एकाच्या मागं डब्यावरच्या छापील मोराची अर्धी शेपटी.

मामांच्या बिलात चार रकाने असतात: सामान, नग, दर, परत. सामान परत आलं की शेवटच्या रकान्यात ते निळ्या पेननं बरोबरची खूण करतात. या बिलात स्पॉट, डिमर, वायर, जिलेटिन, सगळ्यांपुढं खूण आहे. शेवटच्या ओळीत लिहिलंय: पत्रे, नग ३. दराच्या जागी रेघ. परतचा रकाना रिकामा.